टॅक्सी आणि भाड्याच्या गाडीतला सीटबेल्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या गाडीतला बेल्ट कुणाचा, हा प्रश्न कुणाला पडत नाही. टॅक्सीत मात्र पडतो. प्रवाशाला वाटतं, बेल्ट गाडीवाल्याचा आहे. चालकाला वाटतं, लावायचा तर प्रवाशाने लावावा, आपण किती सांगणार? मालक म्हणतो, गाडी तपासणीला जाईल तेव्हा बघू. या तिघांच्या मधल्या मधे तो मागच्या सीटच्या फटीत जाऊन बसतो, आणि गरज पडते त्या दिवशीही तिथेच असतो. म्हणून इथे तिघांचेही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रवाशांचे प्रश्न

दहा मिनिटांचा प्रवास आहे, तोही मागच्या सीटवर. तरी बेल्ट लावायचा?

लावायचा. ताशी ५० किलोमीटर हा वेग कानाला किरकोळ वाटतो. पण जवळपास दहा मीटर उंचीवरून पडलेला माणूस जमिनीवर आदळतो तो याच वेगाने. ताशी ३० धरला तरी ती उंची साडेतीन मीटर होते. एवढ्या उंचीवरून कुणी मजेत उडी मारत नाही.

गाडी आदळते तेव्हा पुढचा भाग चुरगळतो आणि त्या थोड्याशा अंतरात ती थांबते. बेल्ट लावलेला माणूस तिच्याबरोबर थांबतो. न लावलेला आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि आतल्या कशावर तरी आदळून थांबतो. टॅक्सीत हे ‘काहीतरी’ म्हणजे अनेकदा चालकामागचं पार्टिशन, नाहीतर पुढच्या सीटच्या पाठीला लावलेला स्क्रीन. दोन्ही बरोबर तोंडाच्या उंचीवर असतात.

गणितातले नोबेल म्हणून ओळखलं जाणारं आबेल पारितोषिक नॉर्वेत स्वीकारून जॉन नॅश आणि त्यांच्या पत्नी अलिशिया २३ मे २०१५ रोजी विमानतळावरून टॅक्सीने घरी निघाले होते. न्यू जर्सीतल्या हमरस्त्यावर टॅक्सी कठड्यावर आदळली, दोघंही बाहेर फेकले गेले आणि गेले. दोघांनीही बेल्ट लावले नसावेत, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. विमानतळावरून घरी जातानाची टॅक्सी म्हणजे आपल्या लेखी संपलेला प्रवास असतो. बेल्ट राहून जातो तो नेमका अशाच वेळी.

मी मागे बसून बेल्ट लावला नाही, तर नुकसान माझंच ना?

नाही. पुढच्या सीटवर जो बसलाय त्याचंही. मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर सगळ्या वजनानिशी आदळतो, आणि पुढच्याने स्वतः बेल्ट लावलेला असला तरी तो दोन्हीकडून दाबला जातो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागचे प्रवासी बेल्टविना असतील, तर पुढच्या बेल्ट लावलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात दिसलं. चालक ‘बेल्ट लावा’ म्हणतो तेव्हा त्यात त्याचाही जीव गुंतलेला असतो, हे लक्षात असू द्या.

दोन माणसं शेजारी बसली असतील आणि एकानेच बेल्ट लावला असेल, तर धडक बाजूने बसल्यावर मोकळा माणूस शेजाऱ्यावर जाऊन आदळतो. डोक्यावर डोकं आपटतं.

मागच्या सीटवर बकल सापडतच नाही. काय करू?

गाडी निघण्याआधी चालकाला सांगा. फटीत स्वतः हात खुपसू नका. तिथे काय काय पडलेलं असतं याचा नेम नसतो.

बकल हरवत नाही, ते बहुतेक वेळा सीट कव्हरखाली गाडलं गेलेलं असतं. कव्हर बसवणाऱ्याने बकलसाठी खाच ठेवलेली नसते, किंवा मागच्या सीटची पाठ पाडून सामान भरताना बकल खाली सरकलेलं असतं आणि परत वर काढायचं कुणाच्या लक्षात येत नाही. चालकाला हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. सापडलंच नाही, तर बकल असलेल्या जागेवर बसा. तशी जागाच नसेल तर दुसरी गाडी मागवा. यात उद्धटपणा काही नाही. दार नसलेली गाडी आली असती तर तुम्ही बसला असता का?

मधल्या सीटला तर बेल्टच दिसत नाही.

छताकडे बघा. बऱ्याच मोठ्या गाड्यांत मधला बेल्ट वरून येतो आणि त्याला दोन क्लिपा असतात, एक छोटी आणि एक नेहमीची. छोटी आधी सीटजवळच्या छोट्या बकलमध्ये अडकवायची, मग मोठी दुसऱ्या बाजूला. छोटी मोकळी सोडून नुसती मोठी लावली, तर कमरेवरचा भाग तयारच होत नाही आणि बेल्ट फक्त खांद्यावर लटकतो.

जुन्या गाड्यांत मधे फक्त कमरपट्टा असतो. तो पोटावर न घेता खाली, कमरेच्या हाडांवर घट्ट घ्या. खांद्याचा पट्टा असलेल्या बेल्टइतकं संरक्षण त्यातून मिळत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणखी एक गोष्ट. मागे तिघं बसले की बकलांची अदलाबदल होते. दुसऱ्याच्या बकलमध्ये क्लिप अर्धवट जाते, आवाजही बरा येतो, आणि ओढलं की सुटते. ‘टक’ आवाज आल्यावर एक हिसका देऊन बघा.

बेल्ट ओढला की मधेच अडकतो. बिघडलाय का?

बहुधा नाही, चांगला आहे. बेल्टच्या रिळात दोन पहारेकरी असतात. एक पट्टा किती झटक्यात ओढला जातोय ते बघतो, दुसरा गाडी किती जोरात वेग कमी करतेय किंवा किती कललीय ते बघतो. दुसऱ्यात साधारणपणे एक छोटी गोळी असते. गाडीला झटका बसला की ती जागची हलते आणि दात अडकवते. घाईत हिसका दिला की पहिला पहारेकरी जागा होतो. पट्टा थोडा मागे जाऊ द्या आणि सावकाश ओढा.

गाडी उतारावर किंवा एक चाक फूटपाथवर चढवून उभी असेल तर दुसरा जागा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या बेल्टविषयीच्या १६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे १२ अंशांपर्यंत कललं तर रीळ अडकता कामा नये, आणि नेहमीच्या प्रकारच्या रिळात २७ अंशांच्या पुढे अडकलंच पाहिजे. अशा वेळी गाडी थोडी सपाटीवर घ्यायला सांगा. सपाटीवर, सावकाश ओढूनही अडकत असेल तर मात्र तो बिघाड.

उलट होतंय. बेल्ट दर हालचालीला घट्टच होत चाललाय, सैल होत नाही.

तुम्ही तो पूर्ण शेवटपर्यंत ओढला असणार. लहान मुलांची सीट बांधण्यासाठी काही बेल्टना ही सोय दिलेली असते: पट्टा संपेपर्यंत बाहेर काढला की रीळ फक्त आत घेतं, बाहेर सोडत नाही. घाबरू नका. गाडी उभी असताना बकल सोडा, पट्टा पूर्ण आत जाऊ द्या आणि पुन्हा गरजेपुरता ओढा.

बेल्ट मानेला घासतो. काखेतून घेतला तर चालेल?

नाही. खांद्याचा पट्टा गळ्याचं हाड आणि छातीचं मधलं हाड या भक्कम भागांवरून जावा अशीच त्याची रचना आहे. काखेतून घेतला की सगळा ताण बरगड्यांवर येतो, आणि त्या मोडून आत घुसतात. खाली यकृत आणि प्लीहा असतात. पट्टा पाठीमागे टाकणं तर त्याहून वाईट. मानेला लागत असेल तर दाराच्या खांबावरची उंची कमी करता येते का बघा, किंवा सीटच्या मधोमध, नीट पाठ टेकून बसा.

कपड्याला लावायच्या चिमट्यांनी बेल्ट सैल करून ठेवणारेही असतात. जितका पट्टा सैल, तितकं अंतर शरीर मोकळं पुढे जाणार.

गरोदर असताना?

लावायचाच. कमरेचा भाग पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांना धरून. खांद्याचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा कधीही नाही.

बाळ मांडीवर आहे, घट्ट धरलंय. पुरे ना?

हिशेब करून बघू. ताशी ५० च्या वेगाने आदळून गाडी ६० सेंटिमीटर चुरगळून थांबली असं धरलं, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण सोळा पट बल येतं. आठ किलोचं बाळ त्या क्षणी सव्वाशे किलोच्या पोत्यासारखं हातातून ओढलं जातं. आईचे हात कितीही घट्ट असोत, ते सुटतात. बाळ आणि मोठं माणूस यांना एकाच बेल्टमध्ये गुंडाळणं त्याहून घातक आहे, कारण तेव्हा मोठ्याचं सगळं वजन बाळावर येतं.

उपाय एकच, मुलाच्या वयाला आणि उंचीला साजेशी सीट. अगदी लहान बाळाची सीट मागे तोंड करून लावायची. युरोपात वापरल्या जाणाऱ्या १२९ क्रमांकाच्या नियमाच्या सीटमध्ये निदान १५ महिन्यांपर्यंत ते बंधनकारक आहे. पुढच्या सीटची एअरबॅग चालू असेल तर तिथे अशी सीट कधीही लावू नका. मोठ्या मुलांना उंच करणारी बूस्टर सीट लागते. बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असल्याने तो मुलांच्या पोटावर आणि गळ्यावर येतो. युरोपातल्या देशांनी यासाठी उंचीची मर्यादा १३५ ते १५० सेंटिमीटरच्या दरम्यान ठरवली आहे.

काही देशांत टॅक्सीला मुलांच्या सीटमधून सूट आहे. ब्रिटनमध्ये टॅक्सीत योग्य सीट नसेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला मागे बेल्टशिवायही नेता येतं. कायद्याने हे केलं, कारण दर टॅक्सीत सीट ठेवणं व्यवहारात जमत नाही. धडकेला ही सूट माहीत नसते. गाडी आधीपासून ठरवत असाल तर सीटची सोय विचारा, नाहीतर आपली घेऊन जा.

व्हीलचेअरवर बसूनच प्रवास करायचा असेल तर?

दोन वेगळे बंध लागतात. खुर्ची जमिनीला चार पट्ट्यांनी बांधायची, दोन पुढे आणि दोन मागे. आणि माणसाला वेगळा तीन टोकांचा बेल्ट, ज्याचा ताण गाडीच्या सांगाड्यावर जाईल. खुर्चीला स्वतःचा कमरपट्टा असतो, तो बसण्याची ढब सावरण्यापुरता. धडक झेलण्यासाठी तो केलेलाच नसतो. बेल्ट हातांच्या दांड्यांवरून किंवा चाकांवरून जाऊ देऊ नका, तो शरीराला लागून असला पाहिजे. खुर्चीचं तोंड प्रवासाच्या दिशेला ठेवा. बांधायच्या जागा खुर्चीच्या सांगाड्यावर असतात. चाक किंवा सुटा होणारा पायटा धरून बांधू नका.

सीट मागे पाडून झोपलो तर?

बेल्टचा उपयोग जवळपास संपतो. खांद्याचा पट्टा अंगापासून सुटा राहतो आणि धडकेत शरीर कमरपट्ट्याखालून पुढे घसरतं. मग पट्टा पोटात रुततो.

चालकांचे प्रश्न

दिवसातून पंचवीस वेळा सामान ठेवायला उतरतो. दर वेळी बेल्ट?

हो, आणि तुमची चिडचिड खरी आहे. घरी गाडी चालवणाऱ्याला दिवसातून चारदा बेल्ट लावावा लागतो, तुम्हाला पंचवीसदा. म्हणून बेल्ट पाठीमागून अडकवून ठेवायचा, किंवा बकलमध्ये नुसतीच क्लिप खुपसून अलार्म गप्प करायचा, असे उपाय निघतात. पण रस्त्यावर सगळ्यात जास्त तास असणारा माणूस तुम्हीच आहात. प्रवासी बदलतात, तुम्ही दिवसभर त्याच काचेमागे असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे बेल्टमुळे मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. इतका फायदा देणारी दुसरी वस्तू गाडीत मिळणार नाही.

ती नुसती क्लिप आजच काढून टाका. ती गाडीतल्या यंत्रणेला खोटं सांगते की माणूस बांधलेला आहे. कित्येक गाड्यांत एअरबॅग कशी उघडायची हे ठरवताना हीच माहिती धरली जाते.

एअरबॅग आहे ना गाडीत?

आहे, पण ती बेल्ट लावलेल्या माणसासाठी आहे. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, तेव्हा शरीर तिच्यापासून अंतर राखून असावं लागतं. स्टेअरिंगपासून छाती निदान २५ सेंटिमीटर दूर असावी म्हणतात ते यासाठीच. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच तुम्ही पुढे झुकलेले असता, आणि फुगणारी बॅग चेहऱ्यावर धडकते.

मागून कुणी हल्ला केला तर बेल्टमुळे अडकून पडेन.

ही भीती पोकळ नाही. ब्रिटनमध्ये परवानाधारक टॅक्सीचालकाला भाडं शोधताना किंवा प्रवासी घेऊन जाताना बेल्ट न लावण्याची कायदेशीर सूट आहे, आणि या सवलतीच्या बाजूने हेच कारण नेहमी दिलं जातं. माझं मत असं: पार्टिशन, कॅमेरा, मदतीचं बटण हे हल्ल्यावरचे उपाय आहेत, बेल्ट काढून ठेवणं हा नव्हे. बकल एका दाबात सुटतं. ते हाताला न बघता सापडतं का, याचा सराव मात्र करा.

आग लागली, गाडी पाण्यात पडली तर?

अशा घटना एकूण अपघातांत फार थोड्या असतात. आणि त्यांतही आधी शुद्धीवर असणं महत्त्वाचं. डोकं आपटून बेशुद्ध पडलेल्याला मोकळं असण्याचा काय उपयोग? मनात धाकधूक असेल तर बेल्ट कापायची छोटी सुरी बसल्या जागी हाताला येईल अशी ठेवा. डिकीत ठेवलेली निरुपयोगी.

प्रवासी ऐकत नाहीत. वाद घालू का?

वाद घालू नका, थांबा. गाडी सुरू करा, आरशात बघा आणि ‘बेल्ट लागला की निघू या’ म्हणा. आज्ञेपेक्षा हे वाक्य सोपं पडतं, कारण वेळ त्यांचाच चाललेला असतो. बऱ्याचदा प्रवासी नाही म्हणत नाहीत, त्यांना बकल सापडत नसतं आणि विचारायला संकोच वाटतो. मागची सगळी बकलं वर काढून, क्लिपा हाताला येतील अशा ठेवलेल्या गाडीत हा प्रसंग फार कमी येतो. सांगण्यापेक्षा दिसणं जास्त काम करतं.

देखभालीचे प्रश्न

टॅक्सीच्या बेल्टला वेगळी देखभाल का?

कारण तो वेगळा जगतो. आधी सांगितलेल्या १६ क्रमांकाच्या नियमात बकल ५,००० वेळा उघडबंद करून मग धडक-चाचणीला घेतात, आणि रिळातून पट्टा एकंदर ४५,००० वेळा आत-बाहेर करतात. पंचवीस फेऱ्या करणाऱ्या चालकाच्या बकलचे ते ५,००० वेळा २०० दिवसांत भरतात. घरच्या गाडीला त्यासाठी तीन वर्षांहून जास्त लागतात. याचा अर्थ २०१व्या दिवशी बकल तुटतं असा नाही. चांगली बकलं याच्या कितीतरी पट टिकतात. पण किलोमीटर किंवा गाडीचं वय बघून बेल्टची झीज कळत नाही, एवढं यातून समजतं. चालकाचा बेल्ट वापरून झिजतो, मागचे बेल्ट न वापरून, धूळ खाऊन आणि दारात चेंगरून खराब होतात.

हो, दारात चेंगरून. प्रवासी घाईत उतरतो, पट्टा पूर्ण आत गेलेला नसतो, आणि दार आपटलं की काठ कातरला जातो किंवा क्लिप वाकते. टॅक्सीतल्या मागच्या बेल्टची दुर्दशा पाहिली की कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

रोज काय बघायचं?

सकाळी गाडी पुसता तेव्हाच, दोन मिनिटं. प्रत्येक सीटचं बकल वर दिसतंय ना. क्लिप घालून हिसका द्या, सुटायला नको. लाल बटण दाबा, क्लिप स्वतःहून उडाली पाहिजे. पट्टा झटक्यात ओढा, अडकला पाहिजे. सोडा, सरळ आत गेला पाहिजे.

महिन्यातून एकदा मात्र पट्टा पूर्ण बाहेर काढा आणि उजेडात दोन्ही बाजूंनी बघा. लोक हाताला येतो तेवढाच भाग बघतात. खरी झीज वरच्या कडीपाशी, म्हणजे खांबावर पट्टा जिच्यातून वळतो तिथे, आणि खाली सीटजवळच्या टोकाला असते. बोटं काठावरून फिरवा. डोळ्याला न दिसणारा कातरा बोटाला लागतो.

पट्टा कधी बदलायचा?

काठ कातरलेला, दोरे सुटलेले, शिवण उसवलेली, सिगारेटने भोक पडलेलं, पीळ बसून सरळ न होणारा, बॅटरीचं आम्ल किंवा रंग सांडलेला, उन्हाने विटून ताठ झालेला: यातलं काहीही दिसलं की बदला. नव्या पट्ट्याला निदान १,४७० डेकान्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा ताण सहन करावा लागतो. हा ताण हजारो धाग्यांत वाटला जातो. काठाचे धागे तुटले की ओढ पडते तेव्हा फाटायला सुरुवात तिथूनच होते.

‘किती वर्षांनी’ याला सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. गाडी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत काही मुदत दिली असेल तर ती पाळा. नसेल तर अवस्था बघून ठरवा.

उसवलेला पट्टा शिवून घेतला तर?

नको. मूळ शिवणीचा धागा, टाक्यांची संख्या आणि नक्षी हे सगळं ठरवून केलेलं असतं. काही पट्ट्यांत एक शिवण मुद्दाम अशी असते की मोठा ताण आला की ती उसवावी आणि आतली ‘बेल्ट बदला’ अशी खूण दिसावी. ती पुन्हा शिवणारा ती खूणच झाकतो. शिवाय शिलाईची सुई चांगले धागेही तोडते.

पट्टा कळकट झालाय. कसा धुवायचा?

पूर्ण बाहेर काढा, वरच्या कडीजवळ कपड्याचा चिमटा लावा म्हणजे आत जाणार नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. धाग्यांच्या दिशेने घासा. ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळू द्या, रात्रभर ठेवलात तर उत्तम. ओलसर पट्टा रिळात गेला की बुरशी आणि कुबट वास धरतो. ब्लीच, पेट्रोल, थिनर, कापड रंगवायचे रंग लावू नका. पॉलिएस्टरचा धागा वरून चांगला दिसतो आणि आतून कमजोर होतो.

कपडे मळतील म्हणून बेल्ट न लावणारे प्रवासी असतात, आणि खरं सांगायचं तर काही गाड्यांतला पट्टा पाहून मलाही त्यांचं म्हणणं पटतं. धुवा.

बेल्ट सोडला की लोंबत राहतो, आत जात नाही.

रीळ बदलायला धावू नका. आधी वरची कडी बघा. घाम, तेल आणि धुळीचा चिकट थर तिथे साचतो आणि पट्टा त्यावर अडकतो. ओल्या फडक्याने, तरी निघत नसेल तर थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडी आतून पुसा आणि पट्टाही धुवा. निम्म्याहून जास्त वेळा काम तिथेच होतं. मग पट्ट्यात पीळ आहे का, खांबाच्या आत काही पडलंय का ते बघा. तरीही नाही, तर रीळ थकलंय, वर्कशॉप गाठा.

रीळ स्वतः उघडू नका. आतली गुंडाळी-स्प्रिंग सुटली की हात कापते, आणि धडकेत पट्टा आवळणारी स्फोटक नळी त्याच खोक्यात असू शकते.

बकलमध्ये क्लिप बसत नाही. तेल घालू?

तेल अजिबात नको, कुठलाही स्प्रे नको. तेलावर धूळ बसते आणि आठवड्याभरात आत चिखल होतो. बकलमधून नाणी, पेनाची टोपणं, बिस्किटाचा चुरा, मुलांनी घातलेल्या गोळ्या, काहीही निघू शकतं. व्हॅक्यूमने ओढून घ्या. गोड पेय सांडून आतला खटका चिकटला असेल, तर धुऊन बरा होईल या आशेवर राहू नका, बकल बदला. स्क्रूड्रायव्हरने उचकटलेलं बकल पुन्हा वापरू नये.

जुन्या गाडीतून काढलेला बेल्ट स्वस्तात मिळतोय.

घेऊ नका. त्या गाडीला काय झालं होतं हे पट्टा सांगत नाही. नवा घ्याल तो तुमच्याच गाडीच्या मॉडेलचा आणि त्याच सीटचा असू द्या, आणि त्यावर मंजुरीची खूण बघा. युरोपीय मंजुरीत ती वर्तुळातलं ‘ई’ अक्षर आणि देशाचा क्रमांक अशी असते. बोल्टही बेल्टचाच वापरा. बहुतेक गाड्यांत तो ७/१६ इंची, खास कडक पोलादाचा असतो आणि ठरलेल्या ताकदीनेच आवळायचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला तसाच दिसणारा बोल्ट चालत नाही.

छोटीशीच धडक झाली. बेल्ट दिसायला ठीक आहे.

धडकेच्या वेळी जो बेल्ट अंगावर होता, तो वर्कशॉपला दाखवल्याशिवाय पुन्हा वापरू नका. धडक मोठी असेल तर सरळ बदला. पट्टा थोडा ताणून माणसाचा झटका मुरवतो, आणि एकदा ताणलेला पट्टा दुसऱ्यांदा तसा मुरवत नाही. खुणा असतात: पट्ट्यावर चकाकणारा, वितळल्यासारखा डाग, क्लिपच्या प्लास्टिकवर ओरखडे, कडीवर घासल्याची रेघ.

बऱ्याच गाड्यांत धडक कळताच बारूदाच्या छोट्या स्फोटाने पट्टा आत ओढणारी यंत्रणा असते. ती एकदाच चालते. ती उडाली असेल तर बकल काही सेंटिमीटर खाली गेलेलं दिसतं, किंवा पट्टा अडकून बसतो. पट्टा हळूहळू सोडून छातीवरचा ताण कमी करणारी पिळाची दांडीही रिळात असते. ती पिळली गेली की पुन्हा सरळ होत नाही. अशी गाडी बॉडीचं काम करून, रंगवून चकाचक परत येते आणि बेल्ट जुनेच असतात. भाड्याने गाड्या चालवणाऱ्या मालकाने बिलात बेल्टची ओळ आहे का, ते आवर्जून बघावं.

एअरबॅगचा दिवा लागून राहिलाय. बेल्टचा काय संबंध?

असतो. पट्टा आत ओढणारी यंत्रणा आणि एअरबॅग एकाच विद्युत मंडळावर असतात. पुढच्या सीटखालची पिवळी वायर-जोडणी प्रवाशाच्या बॅगेने किंवा सफाईच्या नळीने ढिली झाली तरी दिवा लागतो. पिवळ्या जोडण्यांना स्वतः हात लावू नका. आणि दिव्यावर टेप चिकटवू नका. हे करतात, म्हणून लिहितोय.

सीट कव्हर शिवून घ्यायचंय. काय सांगू?

प्रत्येक बकलला स्वतंत्र खाच, आणि खाचेचा काठ इतका घट्ट नको की बकल आत ओढलं जाईल. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्या बाजूने नेहमीचं कव्हर घालूच नका. कव्हर बसवून झाल्यावर कारागिरासमोरच प्रत्येक सीटवर बसून बेल्ट लावून बघा, आणि मगच पैसे द्या.

नवा बेल्ट यायला चार दिवस लागणार. तोवर गाडी चालवू?

चालकाचा बेल्ट असेल तर गाडी उभी ठेवा. प्रवाशाच्या सीटचा असेल तर तेवढी सीट बंद करा: बकल टेपने झाका, सीटवर कुणाला बसता येणार नाही असं काहीतरी पक्कं बांधा, आणि भाडं ठरवतानाच एक जागा कमी सांगा. गाडीपाशी येऊन चौघं उभे राहिल्यावर सांगितलं, तर चौथा बसतोच.